थंडी कुठून येते: वातावरणाचे मोठे अभिसरण आणि हिवाळ्यातील तापमानाचे चढउतार

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर अटलांटिक दोलन, आर्क्टिक दोलन, एल निनो अशा मोठ्या अभिसरण-रचनांचे निर्देशांक नियमितपणे प्रसिद्ध होतात. निर्देशांक सौम्य हिवाळा सुचवत असतानाही युरोपात जीवघेणी थंडी पडल्याची उदाहरणे आहेत. मग हजारो किलोमीटर पसरलेल्या या रचना एखाद्या प्रदेशाचे हिवाळी तापमान ठरवतात म्हणजे नेमके काय करतात, आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे?

हंगामी आणि काही आठवड्यांच्या पल्ल्याचे अंदाज तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या प्रश्नावर मी एक गोष्ट सर्वांत आधी सांगतो: निर्देशांक थंडी आणत नाही, वारा आणतो. निर्देशांक हा हवेच्या दाबाच्या मांडणीचा एका आकड्यात केलेला गोषवारा असतो. ती मांडणी वाऱ्याची दिशा ठरवते, हवा कोणत्या पृष्ठभागावरून वाहत आली हे त्या दिशेवर अवलंबून असते, आणि तापमान बऱ्याच अंशी त्यातून ठरते. ही साखळी ठिकाणागणिक बदलते, म्हणून तोच आकडा एका देशाला ऊब देतो आणि त्याच दिवशी दुसऱ्याला गारठवतो.

हे सगळे हिवाळ्यातच एवढे ठळक का होते, हे आधी पाहायला हवे. एखाद्या जागेचे तापमान तीन प्रकारे बदलते. वारा दुसरीकडची हवा घेऊन येतो. जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते आणि दिवसा सूर्याकडून घेते. आणि वरची हवा खाली उतरताना दाबली जाऊन तापते. मध्यम अक्षांशांत हिवाळ्यातील दिवसादिवसांच्या चढउतारांत पहिल्या प्रकाराचा वाटा सहसा सर्वांत मोठा असतो. वारा समताप रेषांना, म्हणजे समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना, समांतर वाहत असेल तर तो कितीही जोराचा असला तरी तापमान फारसे हलत नाही. तो त्या रेषा छेदून वाहू लागला की तापमान झपाट्याने बदलते. हिवाळ्यात ध्रुवाकडे सूर्य पोहोचत नाही, त्यामुळे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यातील तापमानाचा उतार तीव्र होतो आणि समताप रेषा दाटीने एकमेकींजवळ येतात. त्यातच खंडांचे अंतर्भाग थिजतात, पण महासागर उन्हाळ्यात साठवलेली उष्णता सावकाश सोडत राहतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील बोडो आणि सायबेरियातील वर्खोयान्स्क ही दोन्ही ठिकाणे साधारण ६७ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. जानेवारीचे सरासरी तापमान बोडो येथे शून्याच्या जवळपास असते, तर वर्खोयान्स्क येथे ते उणे ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. एवढी तफावत एकाच अक्षांशावर असेल, तर पश्चिमेचा वारा पूर्वेचा झाला की मधल्या प्रदेशांचे काय होईल हे वेगळे सांगावे लागत नाही. जुलैमध्ये वाऱ्याने तशीच दिशा बदलली तरी परिणाम बराच कमी असतो, कारण मुळात वाहून आणण्यासारखा फरकच तेव्हा लहान असतो.

या पार्श्वभूमीवर उत्तर अटलांटिक दोलनाकडे वळू. आइसलँडजवळ कमी दाबाचे आणि अझोर्स बेटांजवळ जास्त दाबाचे असे दोन स्थायी पट्टे असतात. दोन्ही एकाच वेळी बळावले की निर्देशांक धन होतो, त्यांच्यामधील पश्चिमी वारे जोर धरतात आणि समुद्रावरची दमट, उबदार हवा उत्तर युरोपात खोलवर शिरते. दोन्ही दुबळे पडले की निर्देशांक ऋण होतो, पश्चिमेचा ओघ मंदावतो आणि खंडांतर्गत किंवा ध्रुवीय हवेला वाट मिळते. या दोलनाचे सांख्यिकीय वर्णन सर गिल्बर्ट वॉकर यांनी १९२० च्या दशकात केले. भारतातील वेधशाळांचे महासंचालक असताना मान्सूनच्या अंदाजासाठी जगभरच्या दाबाच्या नोंदी पडताळण्याचे जे प्रचंड काम त्यांनी हाती घेतले होते, त्यातूनच दक्षिणी दोलन आणि उत्तर पॅसिफिक दोलनही पुढे आले. मात्र मूळ निरीक्षण त्याहून जुने आहे. ग्रीनलंडमध्ये राहिलेले डॅनिश धर्मोपदेशक हान्स एगेडे साबी यांनी अठराव्या शतकातच आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले होते की डेन्मार्कमध्ये हिवाळा कडक असतो तेव्हा ग्रीनलंडमध्ये तो सौम्य असतो, आणि उलटही तसेच. मला ही नोंद फार मोलाची वाटते. तिच्यात दाब नाही, निर्देशांक नाही, तरी मुद्दा अचूक पकडला आहे: मोठे अभिसरण गोलार्धाला सरसकट थंड किंवा उबदार करत नाही, ते थंडीची वाटणी बदलते.

२००९-१० चा हिवाळा या वाटणीचा उत्तम नमुना आहे. जिब्राल्टर आणि नैऋत्य आइसलँड येथील दाबाच्या नोंदी जोडून या दोलनाची मालिका १८२० च्या दशकापर्यंत मागे नेता येते, आणि त्या मालिकेत हा हिवाळा टोकाचा ऋण ठरला. ब्रिटनने तीस वर्षांतील सर्वांत थंड हिवाळा अनुभवला, उत्तर युरोप आणि अमेरिकेचा पूर्व भाग गारठला. त्याच काळात ग्रीनलंड आणि ईशान्य कॅनडा सरासरीपेक्षा बरेच उबदार राहिले. पण तो हिवाळा एवढ्यावर समजत नाही, कारण तेव्हा पॅसिफिकमध्ये एल निनो चालू होता. फेब्रुवारी २०१० मध्ये व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा होत्या, आणि सायप्रस पर्वतावरील स्पर्धास्थळी ट्रकमधून आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणून टाकावे लागले. त्याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात वॉशिंग्टन आणि त्याच्या आसपासच्या परिसराला जबरदस्त हिमवादळांनी झोडपले. एकाच खंडाच्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगवेगळ्या रचनांची छाप होती, आणि ‘यंदाचा हिवाळा थंड की उबदार’ या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते.

एल निनोचा प्रभाव इतक्या दूर पोहोचतो तो लहरींच्या मार्गाने. मध्य आणि पूर्व विषुववृत्तीय पॅसिफिक तापला की तेथील उंच ढगांचे पट्टे पूर्वेकडे सरकतात. त्या ढगांत मोकळी होणारी उष्णता वरच्या वातावरणात हवेला बाहेर ढकलते, आणि त्या धक्क्यातून रॉस्बी लहरींची, म्हणजे वरच्या हवेतील हजारो किलोमीटर लांबीच्या वळणांची, एक माळ ईशान्येकडे निघते: अलास्काच्या दक्षिणेला अल्यूशियन बेटांजवळचा कमी दाब अधिक खोल, पश्चिम कॅनडावर दाबाचा उंचवटा आणि अमेरिकेच्या आग्नेय भागावर दाबाचा खोलगा. जॉन वॉलेस आणि डेव्हिड गुट्झलर यांनी १९८१ मध्ये साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरील, म्हणजे ५०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) पातळीच्या, नकाशांवरून अशा दूरसंबंधांची, म्हणजे दूरदूरच्या प्रदेशांतील दाब एकत्र बदलण्याच्या रचनांची, जी मांडणी केली, तिच्यात ही माळ पॅसिफिक-उत्तर अमेरिका रचना या नावाने ठळकपणे दिसते. म्हणूनच एल निनोच्या हिवाळ्यात पश्चिम कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग सौम्य राहण्याकडे कल असतो, तर दक्षिणेकडची राज्ये थंड आणि ओली राहतात. ला निनामध्ये, म्हणजे तोच पॅसिफिक थंड असताना, बव्हंशी उलट घडते. परंतु ही रचना एल निनोशिवायही उद्भवते. तिच्या बऱ्याचशा हालचाली वातावरणाच्या स्वतःच्या अस्थिरतेतून येतात, आणि हे विसरले की दर थंडीच्या लाटेमागे समुद्राचे तापमान शोधण्याची सवय लागते.

आता मूळ शंकेचा गाभा. २०११-१२ च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिक दोलनाचा हंगामी निर्देशांक स्पष्टपणे धन होता. डिसेंबर युरोपात सौम्य गेला, जानेवारीचा मोठा भागही. आणि मग जानेवारीच्या अखेरीस पूर्व आणि मध्य युरोपावर जी थंडी कोसळली तिने शेकडो बळी घेतले, डॅन्यूब नदीवरची जलवाहतूक थांबली आणि युक्रेनला सर्वाधिक झळ बसली. हे निर्देशांकाच्या विरुद्ध झाले का? नाही. सायबेरियावरील जास्त दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे रशियाच्या युरोपीय भागापर्यंत पसरले आणि त्याच्या दक्षिण कडेने पूर्वेचा वारा थेट युरोपच्या मध्यापर्यंत वाहू लागला. आइसलँड आणि अझोर्स यांच्यातील दाबाच्या फरकाला या घडामोडीचा फारसा पत्ता लागण्याचे कारणच नव्हते, कारण ती त्या दोन बिंदूंच्या बऱ्याच पूर्वेला चालली होती. शिवाय हंगामाची सरासरी तीन-चार महिन्यांची असते आणि लाट दोन-तीन आठवड्यांची. सरासरी धन राहूनही तिच्या पोटात असा पंधरवडा सहज मावतो.

अशा प्रसंगांत सहसा ब्लॉकिंग असते, म्हणजे जास्त दाबाचे एखादे मोठे क्षेत्र जेट प्रवाहाच्या, म्हणजे उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्याच्या, वाटेत ठाण मांडून बसते आणि वादळे त्याला वळसा घालून जातात. ते कुठे बसले आहे यावर सारे अवलंबून असते. ग्रीनलंडवर बसले तर निर्देशांक ऋण होतो आणि वायव्य युरोपावर उत्तरेची हवा उतरते. स्कँडिनेव्हियावर किंवा उरल पर्वताच्या परिसरात बसले तर निर्देशांक शून्याच्या आसपासही राहू शकतो, पण मध्य युरोपाला किंवा पूर्व आशियाला मिळणारी थंडी मुळीच सौम्य नसते. निर्देशांक वाचताना ‘धन की ऋण’ एवढ्यावर थांबण्यापेक्षा जास्त दाबाचे केंद्र कुठे आहे हे विचारणे मला नेहमीच अधिक उपयोगी वाटत आले आहे.

सायबेरियावरील जास्त दाबाबद्दल स्वतंत्रपणे थोडे सांगतो, कारण तो इतर रचनांसारखा केवळ वरच्या प्रवाहांतून घडत नाही. बर्फाच्छादित भूमी लांब रात्रीत उष्णता गमावते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होते, आणि वरचा प्रवाह अनुकूल असेल तर दाब समुद्रसपाटीला १०५० हेक्टोपास्कलच्याही वर जातो. ३१ डिसेंबर १९६८ रोजी सायबेरियातील अगाता येथे सुमारे १०८३ हेक्टोपास्कल दाबाची नोंद झाली. ही थंड हवा उथळ असते. वर चढत गेल्यास काही अंतरापर्यंत तापमान वाढत जाते. अशा हवेला डोंगर अडवतात आणि सखल भूमी वाट देते. पूर्व आशियातील थंडीच्या लाटा याच साठ्यातून सुटतात. जानेवारी २०१६ मध्ये तर चीनच्या दक्षिणेला ग्वांगझौपर्यंत हिमकण पडले. उत्तर अमेरिकेतही भूगोल असाच काम करतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेला आर्क्टिक कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आडवी भिंत नाही, त्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये ध्रुवीय हवा टेक्सासपर्यंत घसरली आणि १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थ येथे तापमान उणे १९ अंशांपर्यंत उतरले.

याच्या वर, म्हणजे तपांबराच्या वरच्या स्थितांबरात, हिवाळ्यात ध्रुवाभोवती पश्चिमी वाऱ्यांचा एक भोवरा फिरत असतो. रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये बर्लिनवर सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींत पाहिले की तेथील तापमान काही दिवसांत विलक्षण वाढले. या आकस्मिक तापण्याच्या मोठ्या घटना दशकात सरासरी सहाच्या आसपास होतात. खालून वर जाणाऱ्या मोठ्या लहरी तिथे फुटतात, भोवऱ्याचा वेग काढून घेतात, आणि ६० अंश उत्तर अक्षांशावर सुमारे ३० किलोमीटर उंचीवरील वारा पश्चिमेऐवजी पूर्वेकडून वाहू लागतो. हा बिघाड नंतर आठवड्यांच्या हिशेबाने खाली झिरपतो आणि उत्तर अटलांटिक दोलन किंवा त्याचे व्यापक रूप असलेले आर्क्टिक दोलन ऋण होण्याकडे कल देतो. हा प्रभाव दोन महिन्यांपर्यंत टिकू शकतो.

१२ फेब्रुवारी २०१८ रोजी वरचा वारा असाच उलटला. दोनेक आठवड्यांत स्कँडिनेव्हियावर जास्त दाब बळावला, सायबेरियाकडची हवा पूर्वेकडून युरोप ओलांडून ब्रिटन आणि आयर्लंडपर्यंत पोहोचली आणि २६ फेब्रुवारीला रोममध्ये बर्फ पडले. त्याच दिवसांत त्याच वक्र प्रवाहाच्या दुसऱ्या बाजूने अटलांटिकवरची उबदार हवा थेट उत्तरेला चढत होती. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला, ८३ अंशांहून अधिक अक्षांशावर असलेल्या केप मॉरिस जेसप येथील केंद्रावर, ध्रुवीय रात्र संपलेली नसताना तापमान शून्याच्या वर सुमारे ६ अंशांपर्यंत गेले. रोममध्ये बर्फ आणि ध्रुवापासून सातशे-आठशे किलोमीटरवर वितळण, या दोन बातम्या वेगवेगळ्या म्हणून वाचल्या गेल्या, पण हवामानाच्या नकाशावर ती एकच घटना होती.

याची उलट बाजूही आहे. २०१९-२० मध्ये भोवरा असामान्य बळकट राहिला, आर्क्टिक दोलनाने विक्रमी धन मूल्ये गाठली, आणि युरोपातील तो हिवाळा तोवरच्या नोंदींत सर्वांत उबदार ठरला. १९८१ ते २०१० च्या सरासरीपेक्षा तो ३.४ अंशांनी वर होता. मात्र वरचा भोवरा मोडला म्हणजे खाली थंडी आलीच, असे समीकरण मांडू नये. अशा घटनांपैकी साधारण एक-तृतीयांश घटनांनंतर जमिनीवर अपेक्षित खूण उमटत नाही, आणि उमटली तरी कोणता देश तिच्या कोणत्या बाजूला सापडेल हे आधी सांगणे अवघड असते.

विसंबण्याचा प्रश्न इथेच येतो. उत्तर अटलांटिक दोलनाची स्वतःची स्मृती, म्हणजे आजच्या स्थितीचा पुढे उरणारा प्रभाव, सुमारे दहा दिवसांची. त्यापुढचे काही सांगायचे तर बाहेरचा आधार लागतो: एल निनो, स्थितांबरातील भोवरा, विषुववृत्तावरील स्थितांबरी वाऱ्यांचे सुमारे २८ महिन्यांचे आवर्तन, आणि हिंदी महासागरापासून पॅसिफिककडे सरकणाऱ्या ढगांच्या पट्ट्याचे मॅडन-ज्युलियन दोलन, ज्याचे ढग कुठे आहेत त्यानुसार साधारण दहा दिवसांनी अटलांटिकवर परिणाम दिसू लागतो. या आधारांच्या जोरावर चांगल्या हंगामी संगणकीय प्रारूपांनी हिवाळी उत्तर अटलांटिक दोलनाच्या अंदाजात ०.६ च्या आसपास सहसंबंध (अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्या मेळाचे माप, पूर्ण मेळ म्हणजे १) दाखवला आहे. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो आणि या क्षेत्रात तो खरोखर मोठा आहे, पण त्याचा वर्ग केला की कळते की दोलनातील वर्षावर्षांच्या फरकापैकी सुमारे ३६ टक्केच भाग पकडला गेला. पुढे दोलन स्वतः उत्तर गोलार्धाच्या उष्ण कटिबंधाबाहेरील हिवाळी तापमानातील वर्षावर्षांच्या चढउतारांपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग समजावते. अंदाज म्हणून हाती येते ती शक्यतेची झुकलेली तागडी. वीजपुरवठा किंवा इंधनसाठा यांचे नियोजन करणाऱ्याला तेवढीही फार उपयोगी असते. एखाद्या ठरावीक आठवड्याची तयारी करणाऱ्याला नाही.

बदलत्या हवामानाचा संदर्भही इथे सुटू नये. १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत उत्तर अटलांटिक दोलन ऋणाकडून धनाकडे सरकत गेले आणि युरेशियातील त्या काळच्या हिवाळी तापमानवाढीत त्याचा मोठा हात होता. ती वाढ सगळीच हरितगृह वायूंच्या खात्यावर टाकणे बरोबर ठरले नसते. उलट २००९-१० मध्ये युरोपातील थंडी त्या टोकाच्या अभिसरणाच्या मानाने कमी भरली, कारण वारा ज्या प्रदेशांतून हवा आणत होता ते प्रदेशच आता पूर्वीइतके थंड राहिलेले नाहीत. आर्क्टिक इतर भागांपेक्षा वेगाने तापत असल्याने उत्तर-दक्षिण उतार कमी होतो, उत्तरेचा वारा आणि दक्षिणेचा वारा यांच्यातील तफावत घटते, आणि त्यामुळे हिवाळ्यातील दैनिक तापमानाचे चढउतार मध्यम आणि उच्च अक्षांशांत एकूण आकुंचन पावत जाणे अपेक्षित आहे. समुद्रातील बर्फ घटल्याने जेट प्रवाह अधिक नागमोडी होऊन थंडीच्या लाटा वाढतात, असा दावाही बराच चर्चेत आहे. माझ्या मते त्याच्या बाजूचा पुरावा अजून डळमळीत आहे. उतार कमी होण्याचा परिणाम मात्र साध्या भौतिकीतून निघतो आणि निरीक्षणांतही दिसतो.

प्रत्यक्ष वापराबद्दल विचाराल तर आपल्या ठिकाणासाठी तापमान आणि निर्देशांक यांचा सहसंबंध महिन्यागणिक काढून पाहावा, संपूर्ण हंगामाचा एकत्र नाही, कारण केंद्रे डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये एकाच जागी नसतात. सहसंबंध शून्याजवळ आला तर ते ठिकाण रचनेच्या धन आणि ऋण भागांमधल्या सीमारेषेवर आहे असे समजावे आणि तो निर्देशांक तिथे बाजूला ठेवावा. त्यानंतर ५०० हेक्टोपास्कलचा आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा नकाशा शेजारी ठेवून हवा मागच्या तीन ते पाच दिवसांत कुठून आली हे उलट दिशेने शोधावे, आणि वाटेत उघडा समुद्र होता की बर्फाने झाकलेली जमीन, हे पाहावे. वारा पडलेला, आकाश निरभ्र आणि जमिनीवर बर्फ असेल, तर रात्रीचे किमान तापमान फार खाली जाते पण दुपार तितकी वाईट नसते, आणि टेकडीवरचे केंद्र दरीतल्या केंद्रापेक्षा उबदार दिसते. ती थंडी तिथेच तयार झालेली असते. दिवसरात्रीचा फरक नाहीसा होऊन दोन्ही केंद्रे एकदमच घसरली, तर थंडी वाऱ्यावर स्वार होऊन आली आहे, आणि ती किती टिकेल हे त्या वाऱ्याला दिशा देणारे जास्त दाबाचे क्षेत्र जागचे कधी हलते यावर ठरेल.